पिवळा रंग आणि खैरटोल्याची तीन कार्डं

चंद्रपूरच्या आमच्या विज्ञान केंद्राकडे मुलांना आणायला गाडी नव्हती, म्हणून आम्ही सहलच एस.टी.त चढवून मुलांकडे पाठवू लागलो. कागदोपत्री माझा हुद्दा 'प्रयोग-सहायक' असा होता. नातेवाईक विचारायचे, "तू नेमकं करतेस तरी काय?" मी सांगायची, "सहली काढते." "कुठे?" "टेबलावर." यावर ते हसायचे आणि विषय बदलायचे. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तर ते टेबल जरा नीट उघडून दाखवावं म्हणते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या केंद्रात एक मोठा हॉल होता. त्यात दगड, कोळसा, सूक्ष्मदर्शक, काचेच्या पेटीतला साप असं बरंच काही होतं. भद्रावतीच्या कॉलनीतली, चंद्रपूर शहरातली मुलं येऊन बघून जायची. पण सिरोंच्याहून यायचं तर अख्खा दिवस एस.टी.त जातो. त्या बाजूच्या शाळांची पत्रं यायची, "आमच्या मुलांनाही बघायचं आहे." आमचे साहेब ती पत्रं वाचून उसासा टाकायचे आणि फायलीत लावायचे. एक दिवस मी म्हटलं, "साहेब, मुलं येऊ शकत नाहीत, पण दगड तर जाऊ शकतात ना?"

अशी पेटीतली सहल सुरू झाली. लाकडी पेटीत एक ध्वनिफीत, फोटोंचा एक अल्बम आणि नंबर टाकलेल्या पुड्या. शाळेत वीज नसली तरी सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर कोणाच्या ना कोणाच्या घरी असायचाच. पहिली सहल घुग्घुसच्या कोळसा खाणीची. खाणीच्या काठावर उभी राहून मी आवाज टिपून आणले होते. डंपरची घरघर, सुरुंगाचा दणका, शिफ्ट सुटल्याचा भोंगा, मोटरसायकली सुरू करत एकमेकांना हाका मारणारे कामगार. मुलं आवाज ऐकत अल्बमचं पान उलटायची आणि मग माझा आवाज यायचा, "आता दोन नंबरची पुडी उघडा. हातात घ्या. शेजारच्याला द्या. मी थांबते." दोन नंबरच्या पुडीत कोळशाच्या थरावरचा करडा दगड असायचा आणि त्यावर पानाचा ठसा. मी थांबायची तेव्हा टेपवर बासरी वाजायची. ती बासरी आमच्या केंद्रातले शिपाई बंडूभाऊ यांची. पेट्या भरणं, त्यांना सुतळी बांधणं आणि कंडक्टरच्या ताब्यात देणं हेही त्यांचंच काम.

सहल संपली की शाळेनं एक पोस्टकार्ड टाकायचं. काय दिसलं, काय कळलं नाही, एवढंच लिहायचं. आमचा सगळा धंदा त्या पोस्टकार्डांवर चालायचा. सिरोंच्याच्या एका गुरुजींनी लिहिलं, "बाई, मी तुमचं बोलणं तेलुगूत सांगेपर्यंत तुमची गाडी आम्हाला सोडून पुढे निघून जाते." मी सगळ्या टेपांत बासरी दुप्पट केली. बंडूभाऊंना दम लागायचा. एका मुख्याध्यापकांचं कार्ड आलं, "पेटी सुस्थितीत असून कपाटात कुलूपबंद आहे. एकही वस्तू फुटलेली नाही." मी तशीच बस पकडून गेले आणि त्यांच्यासमोर सोबत नेलेली भिंगाची एक काच फरशीवर टाकून फोडली. म्हटलं, "सर, आता फुटलीच आहे. तर बाकीचं मुलांना द्या." ते माझ्याकडे असे बघत राहिले की मलाच घाम फुटला. पण किल्ली काढली त्यांनी.

हे सगळं मी कौतुकानं सांगते. पुढचं सांगताना मात्र कौतुक बाजूला ठेवावं लागतं.

चौथी की पाचवी सहल पाण्याची होती. हातपंपाचं पाणी येतं कुठून, हे दाखवायला मुलांना जमिनीच्या पोटात न्यायचं. टेपवर बोअर मारण्याचा आवाज, अल्बममध्ये दगडांच्या थरांची चित्रं, पुड्यांमध्ये वाळू, मुरूम आणि काळा दगड. दगडातले क्षार पाण्यात उतरतात हे मुलांनी डोळ्यांनी बघावं म्हणून मी एक प्रयोग घातला. पाण्यात फ्लोराइड नावाचा क्षार असतो. थोडा असला तर काही बिघडत नाही. जास्त असला तर लहान मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, आणि वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं तर हाडं आणि सांधे आखडतात. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळून जात नाही, गाळून जात नाही. तो ओळखायला एक गुलाबी द्राव असतो. पाण्यात त्याचे थेंब टाकले आणि रंग गुलाबीच राहिला तर पाणी ठीक. पिवळा झाला तर फ्लोराइड जास्त.

हा द्राव कॉलेजातले रसायनशास्त्राचे खोब्रागडे सर आम्हाला करून द्यायचे. पेटीत मी दोन बाटल्या ठेवल्या होत्या. 'अ' बाटलीत साधं पाणी, ते गुलाबी राहायचं. 'ब' बाटलीत मुद्दाम क्षार मिसळलेलं पाणी, ते पिवळं व्हायचं. ते बघून झालं की मुलांनी आपल्या शाळेच्या पंपाचं पाणी घ्यायचं. ते गुलाबी येईल, मुलं खूश होतील आणि सहल संपेल, असा माझा हिशेब.

बहुतेक शाळांची कार्डं तशीच आली. मग खैरटोल्याचं कार्ड आलं. नागभीडच्या आत, तलावाच्या काठचं छोटं गाव, आणि पलीकडे एक टोला, म्हणजे छोटी वस्ती. अक्षर मोठं, गोल, प्रत्येक ओळीखाली पट्टीनं रेघ.

"बाई, अ गुलाबी आला. ब पिवळा आला. आमच्या पंपाचं पाणी पिवळं आलं. आमचं ब सारखं काऊन आलं? ममता शेंडे, वर्ग सातवा."

मी हसले. पोरांनी 'ब'ची ड्रॉपर न धुता पंपाच्या पाण्यात घातली असणार. मी उलट कार्ड टाकलं, "ममता, ड्रॉपर स्वच्छ धुऊन प्रयोग पुन्हा नीट करा. घाई करू नका."

पंधरा दिवसांनी दुसरं कार्ड. "बाई, आमी ड्रॉपर तीनदा धुतली. तीन पोरींनी वेगवेगळा केला. तिघींचं पिवळंच आलं. घाई नाई केली."

आता मला वाटलं द्रावच खराब झाला असेल. उन्हात पेटी राहिली असेल. मी नवी बाटली पाठवली आणि सोबत लिहिलं, "या वेळी गुरुजींना शेजारी उभं करा." शाळेला मध्ये सुट्ट्या लागल्या. बाटली पोचायला वेळ लागला. तिसरं कार्ड येईपर्यंत पहिल्या कार्डाला साडेतीन महिने होऊन गेले होते.

"बाई, गुरुजी उभे होते. पिवळंच आलं. आमी चार ठिकाणचं पाणी केलं. शाळेचा पंप पिवळा. टोल्यावरचा पंप पिवळा. जुनी विहीर गुलाबी. तलाव गुलाबी. आमचा हात खराब असता तर चारही पिवळे आले असते. तुमीच या आन करून पाहा."

मी ते कार्ड घेऊन खोब्रागडे सरांकडे गेले. त्यांनी चष्मा वर केला, दोनदा वाचलं.

"एका गावाची किती कार्डं आली तुमच्याकडे?"

"तीन."

"मग इथी कायले बसल्या तुम्ही? जा ना."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी निघाले. नागभीडला गाडी बदलली, पुढे फाट्यावर उतरून धानाच्या बांधाबांधानं चालत गेले. शाळा दोन खोल्यांची. मेश्राम गुरुजी दारातच भेटले, सडसडीत, खादीचा शर्ट, हातावर खडूची पांढरी पूड. ममता त्यांच्या मागे उभी होती. उंच, काळीसावळी, केसांना घट्ट तेल. नमस्कार करताना ती ओठ मिटूनच हसली.

"बाई, अगोदर पाणी प्या," गुरुजी म्हणाले आणि लगेच स्वतःच थांबले. "नाई, म्हणजे… विहिरीचं आणतो."

मी द्राव सरांकडून ताजा आणला होता, ड्रॉपर नवी, काचेच्या नळ्या नव्या. पोरी पंपावर गेल्या, पाणी आणलं. मी थेंब टाकले. हलवलं. सातवीचा सगळा वर्ग माझ्या हाताकडे बघत होता. रंग सावकाश उतरत गेला आणि पिवळा होऊन थांबला.

ममतानं नळी माझ्या हातातून घेऊन स्टँडमध्ये ठेवली. तिनं टाळी वाजवली असती, 'बघा' म्हणाली असती, तर मला बरं वाटलं असतं.

"तुझंच बरोबर होतं," मी म्हटलं.

"ते तं मले मालूम होतं बाई," ती म्हणाली. "पण आता का करावं, ते सांगा."

आणि ती बोलली तेव्हा मला तिचे दात दिसले. पिवळे आणि तपकिरी, आडव्या रेघा ओढाव्या तसे. मी वर्गाकडे वळून म्हटलं, "सगळे जण जरा मोठ्यानं 'ई' म्हणा बरं." खी खी करत सगळ्यांनी दात दाखवले. जवळजवळ सगळ्यांचे तसेच.

"गावातले लोक काय म्हणतात?" मी गुरुजींना विचारलं.

"म्हणतात, राखेनं दात घासतेत म्हणून. पण बाई, ममतानं एक गोष्ट काढली आहे. सांग वं."

ममतानं वहीचं पान उघडलं. ती गावात घरोघरी फिरली होती आणि लोकांना तोंड उघडायला लावलं होतं. ते नुसतं डोळ्यांसमोर आणलं तरी मला हसू येतं. पानाच्या डाव्या बाजूला पांढऱ्या दातांची माणसं, उजव्या बाजूला पट्ट्याच्या दातांची. उजवीकडे सगळी पोरंसोरं. डावीकडे सगळी मोठी माणसं.

"बाई, पंप गावात आला तेव्हा मी पोटात होती, असं माय सांगते. ज्याचे दात पंपाच्या आदी आले, त्याचे पांढरे हायेत. पंपाच्या मागून आले, त्याचे असे." तिनं बोटानं स्वतःचे दात दाखवले. "राखेनं तं माझा बापही दात घासते. त्याचे पांढरे हायेत."

मी केंद्रात पंधरा वर्षं प्रयोग दाखवत होते. त्या पोरीनं केला तसा प्रयोग मी एकदाही केला नव्हता.

मग ती मला घरी घेऊन गेली. तिचे वडील, शेंडेभाऊ, ढिवर समाजातले. तलावात मासे धरायचं काम. चाळिशीही गाठली नसेल. ओसरीवर जाळं विणत बसले होते. उठायला लागले तर पाठ सरळ होईना, भिंतीला हात लावून उठले.

"बसा भाऊ, बसा."

"बसूनच तं राह्यलो बाई दोन सालापासून," ते म्हणाले. "जाळं फेकायले हात खांद्याच्या वर जात नाई. मान फिरवायची तं सगळं आंग फिरवा लागते. लोक म्हणतेत, जल्मभर थंड्या पाण्यात उभा राह्यला, वात झाला. आता भाऊ फेकते जाळं, मी विणून देतो."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"सुई मारतेत. आठ दिवस बरं वाटते."

मी डॉक्टर नाही. हा त्या पाण्याचाच परिणाम, असं छातीठोक सांगायचा मला अधिकार नव्हता. पुढे चंद्रपूरला हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि पाण्यानं होतं तसंच हे दिसतंय म्हणून सांगितलं. पण त्या ओसरीवर माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. पहिल्या कार्डाला मी लिहिलं होतं, 'नीट करा. घाई करू नका.' साडेतीन महिने या घरात रोज त्याच पंपाचा घडा भरला गेला आणि त्याचं कारण माझी समजूत, की मुलं चुकतात आणि बाटलीवरचं लेबल चुकत नाही.

जाताना मी सरपंचांना भेटले. देवराव पाटील. मोठा माणूस, मोठा आवाज. शाळेजवळचा पंप त्यांनीच खेटे घालून गावात आणला होता. त्याच्या आधी बायका विहिरीवर जायच्या, ती गावाबाहेर, पावसाळ्यात गढूळ, वर्षाला दोन-चार जण हगवणीनं आजारी. पंप आला आणि ते थांबलं. हे सगळं खरं होतं आणि म्हणूनच त्यांना राग आला.

"बाई, तुमी चंद्रपूरवरून टेप पाठवता, पोरं ऐकतेत, चांगली गोष्ट हाये. पण पोराईच्या रंगाच्या खेळावरून गावाचं पाणी बंद कराव का? विहिरीचं पाणी पाजून पुन्हा हगवण लावाव?"

"पाटील, विहीर साफ करता येईल. औषध टाकता येईल. पंपातलं जे आहे ते काढता येत नाही."

"सरकारी कागद आणा. मंग बोलू."

कागद आणायला मी पंपांचं पाणी दोन स्वच्छ बाटल्यांत भरून सरकारी प्रयोगशाळेत दिलं. उत्तर आलं, दोन्ही पंपांत फ्लोराइड मर्यादेच्या बरंच वर. तो कागद घेऊन मी तालुक्याच्या कार्यालयात गेले. पंप ज्यांच्या अखत्यारीत ते साहेब जागेवर नव्हते. दुसऱ्यांदा गेले, बैठकीत होते. तिसऱ्यांदा भेटले. पंख्याखाली कागद उडू नये म्हणून त्यावर पेपरवेट ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, नमुना खात्याच्या माणसानं घेतलेला नाही. तुम्ही घेतलाय. आम्ही आमच्या क्रमानं घेऊ. तुमचं काम काय, शाळेत प्रयोग दाखवायचं ना?"

मी हो म्हटलं आणि बाहेर आले. पायऱ्यांवर बसले. घरी जाऊन गप्प बसणं सोपं होतं, खरंच सोपं होतं. आमच्या साहेबांनीही सुचवलं, "आपण विज्ञान केंद्र आहोत, पाणीपुरवठा खातं नाही." पण मी ममताला विचारल्याशिवाय गप्प बसू शकत नव्हते, आणि ममता गप्प बसणार नव्हती हे मला ठाऊक होतं.

मी तिला कार्ड टाकलं. झालं ते सगळं लिहिलं. आठ दिवसांत तिचं उत्तर आलं, "बाई, तुमच्याकडे आमी तीन कार्डं टाकली तवा तुमी आल्या. साहेब मोठे हायेत, त्याईले जास्ती लागतील."

शाळेत पाचवी ते सातवी मिळून एक्केचाळीस मुलं होती. रोज एका मुलानं एक कार्ड त्या साहेबांच्या नावे टाकायचं ठरलं. मजकूर सगळ्यांचा एकच नको, असं गुरुजींनी बजावलं. कोणी दातांबद्दल लिहिलं, कोणी विहीर किती पावलांवर आहे ते लिहिलं, एका पाचवीतल्या पोरीनं नुसता पिवळ्या रंगाचा गोळा काढला आणि खाली लिहिलं, 'आमचं पाणी.' कार्डं मी पुरवली. तेवढं एक काम मला नियमाबाहेर न जाता करता येत होतं, कारण केंद्राच्या कामासाठी पोस्टकार्डं लागतातच.

साहेब सव्विसाव्या कार्डाला आले.

मला गुरुजींनी फाट्यावरच्या दुकानातून फोन केला, "उद्या येतो म्हणालेत, तुम्ही या." मी पोचले तेव्हा जीप शाळेसमोर उभी होती. साहेब, एक सहायक, सरपंच, आणि भोवती अर्धं गाव. शेंडेभाऊही भिंतीला टेकून उभे होते. साहेबांच्या हातात कार्डांचा गठ्ठा होता आणि ते चिडलेले होते.

"हे कोणी शिकवलं मुलांना?"

मी पुढे झाले, पण माझ्या आधीच ममता पुढे झाली. तिच्या हातात स्टँड होतं आणि त्यात चार नळ्या.

"साहेब, कोणाईनं नाई शिकवलं. टेपवर आइकलं आन करून पाह्यलं. तुमीच करून पाहा."

"अगं, मी कशाला करू?"

"आमी केलं तं तुमी म्हणान, पोराईनं केलं. बाईनं केलं तं म्हणान, बाईनं केलं. म्हणून थेंब तुमीच टाका. पाणी तुमच्या डायवरभाऊले आणायले सांगा. कोणती नळी कुठची, ते आमाले सांगूच नका."

लोक हसले. सरपंचही हसले. साहेबांना हसावं की रागवावं कळेना, पण माघार घ्यायची सोय राहिली नव्हती. ड्रायव्हर दोन पंपांचं, विहिरीचं आणि तलावाचं पाणी घेऊन आला. शाळेच्या मागे जाऊन त्यानं नळ्या भरल्या आणि कोणती कुठली ते एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी खिशात ठेवली. साहेबांनी बाही वर केली आणि थेंब टाकले. एक, दोन, तीन, चार.

पहिली नळी गुलाबी. दुसरी पिवळी. तिसरी पिवळी. चौथी गुलाबी.

"दुसरी आन तिसरी पंपाची," ममता म्हणाली.

ड्रायव्हरनं चिठ्ठी काढून वाचली. बरोबर होतं.

साहेबांनी दुसरी नळी उचलून उजेडात धरली. मग त्यांनी ममताकडे बघितलं आणि विचारलं, "तुझे दात कधीपासून असे आहेत?"

"आले तवापासून."

त्यांनी सरपंचांना बाजूला बोलावलं. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण त्या साहेबांबद्दल एक सांगितलं पाहिजे. पंधरा दिवसांत खात्याचा माणूस येऊन नमुने घेऊन गेला आणि महिनाभरात दोन्ही पंपांना लाल रंग लागला. 'पिण्यास अयोग्य' असं पांढऱ्या अक्षरात लिहिलं गेलं. ते कार्डांनी चिडले होते, पण बघितल्यावर त्यांनी डोळे मिटले नाहीत.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. लाल रंग लागला तरी बायका पंपावर येतच राहिल्या. विहीर लांब होती, धानाच्या रोवणीच्या दिवसांत कोणाला तेवढा वेळ? एक बाई मला स्पष्ट म्हणाली, "दात पिवळे झाले तं झाले. डोईवर दोन घडे घेऊन तुमी चालून पाहा." मी चालून पाहिलं. एका घड्यानंच मान दुखली. तिचं चुकलं, असं मला कधीच म्हणता आलं नाही.

मग विहीर साफ करायची ठरलं. ते काम ढिवरांनी केलं, कारण पाण्यात उतरून गाळ काढायची सवय त्यांनाच. शेंडेभाऊ काठावर बसून सांगत होते, कुठे पाय ठेवायचा, कुठे कपार आहे, दोर कसा घ्यायचा. चार दिवस गाळ निघाला. देवराव पाटलांनी त्यांच्या बैलगाड्या दिल्या आणि त्या गाड्यांवर ड्रम ठेवून सकाळचं पाणी गावात आणायची सोय केली. पाटील मला कधी 'तुमचं बरोबर होतं' असं म्हणाले नाहीत. गाड्या मात्र एक दिवसही चुकल्या नाहीत. तसं दोन वर्षं चाललं.

शेंडेभाऊंच्या वेदना कमी झाल्या. हात वर गेला नाही. डॉक्टर म्हणाले, आखडलेलं परत सुटत नाही, पुढे वाढू द्यायचं नाही एवढंच. मोठ्या मुलांच्या दातांवरचे पट्टेही जाणार नव्हते. ममताला मी हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "लहान्याईचे तं चांगले येतील न?"

त्यानंतर मी सहलीची पद्धत बदलली. प्रयोगाचा निकाल काय येईल हे टेपवर सांगणं बंद केलं. आणि ज्या शाळेचा निकाल वेगळा येईल, त्या शाळेत मी स्वतः जायचं, असा नियम स्वतःला घालून घेतला. आणखी दोन गावं अशीच सापडली. मग संगणक आले, सीडी आल्या, आणि पडद्यावर बोअर मारताना दाखवता येऊ लागलं. पुड्या पाठवणं कटकटीचं म्हणून नव्या साहेबांनी पेट्या बंद केल्या. चित्रं पुष्कळ सुंदर होती. पण हातात काही द्यायचंच नसेल, तर पोरांना उलटं विचारायला जागा कुठून मिळणार, हे मी बैठकीत तीन वेळा बोलले. तिन्ही वेळा टिपणात आलं नाही. माझं ते भांडण मी हरले.

खैरटोल्याला मी शेवटची गेले ती नळयोजनेच्या उद्घाटनाला. लांबच्या नदीवरून पाणी आणलं होतं. शाळेसमोर मांडव, रांगोळी, ध्वनिक्षेपक. ममता तेव्हा ब्रह्मपुरीला शिकत होती, परीक्षा होती म्हणून आली नव्हती. पाहुणे आले, फीत कापली, नळ सुटला. टाळ्या पडल्या. थाळीत पितळी पेले भरून आले. पहिला पाहुण्यांना, दुसरा पाटलांना, तिसरा मला.

पाहुण्यांनी पेला तोंडाला लावायला उचलला, तेवढ्यात चौथीतली एक पोरगी मांडवात घुसली. परकर-पोलकं, दोन वेण्या, हातात काचेची नळी.

"थांबा! अजून पाणी तपासलं नाई!"

पाहुणे गोंधळले. कोणीतरी तिला मागे ओढायला गेलं. देवराव पाटील ध्वनिक्षेपकापाशी उभे होते. त्यांचा आवाज सगळ्या गावाला ऐकू गेला.

"हात नोको लावू तिले. साहेब, पेला खाली ठेवा. पोरगी सांगन तवा पिऊ."

पाहुण्यांनी पेला खाली ठेवला. मीही ठेवला. पोरीनं नळाचं पाणी घेतलं, जीभ दातांत धरून थेंब मोजले, नळी उन्हात धरली आणि हलवत राहिली. मांडवात दोनशे माणसं तिच्या हाताकडे बघत उभी होती. मला तहान लागली होती, पण मी पेल्याला हात लावला नाही.

"गुलाबी!" ती म्हणाली. "आता प्या."